उणे अकरा

हर्षदा बच्छावला आयुष्यात पहिल्यांदा उणे गुण मिळाले ते वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही एका ओट्याकडून.

तोवर तिने गुण दिले होते, घेतले नव्हते. पांझरेकाठच्या कासारखेड्यात कुणालाही विचारा, बच्छाव मॅडमच्या हाताखालून गेलेलं पोर कुठे अडत नाही, असंच सांगतील. लग्नात तिला पहिल्या पंगतीला बसवत, आणि बारशाला नाव काय ठेवायचं हेही लोक तिला विचारून जात. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना श्रावण सरता सरता शाळेत एक कागद आला आणि त्यावर तिच्या नावासमोर लिहिलेलं होतं : उणे अकरा. आधी तिला वाटलं, छापण्यात चूक झाली असेल. मग तिने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अकरा तिथेच होते आणि त्यांच्या आधीची आडवी रेघही तिथेच होती.

ओटा म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी सरकारने गावोगावच्या शाळांना एकेक मेज दिलं होतं. गुडघ्याएवढं उंच, बाजेएवढं रुंद, वरून काचेचं. कागदोपत्री त्याचं नाव ‘सहनिर्मिती पटल’ होतं, पण ते नाव उच्चारण्याइतका वेळ कुणाकडेच नव्हता. पोरं त्याच्याभोवती चटया टाकून बसत आणि त्याला ओटा म्हणत. या ओट्यावर उजेडाचे रंगीत तुकडे उमटत आणि प्रत्येक तुकडा म्हणजे यंत्राला द्यायची एक सूचना असे. ‘पुढे जा’, ‘थांब’, ‘जर असं असेल तर’, ‘तोवर करत राहा’. एक अक्षरही न लिहिता, बोटाने तुकडे सरकवून ते एकमेकांना जोडायचे की आज्ञांची साखळी तयार होई, आणि काचेखाली लगेच तिचा परिणाम दिसे. गाडी धावे, झोका हले, नाहीतर गाडी भिंतीवर जाऊन आपटे आणि पोरं खदखदून हसत. गंमत अशी की, सगळे तुकडे एकाच्या पुढ्यात कधीच येत नसत. एकाकडे ‘जर-तर’, दुसरीकडे ‘थांब’, तिसऱ्याकडे मोजणी. त्यामुळे कितीही हुशार पोर असलं तरी त्याला शेजाऱ्याशी बोलल्यावाचून गत्यंतर नसे. मोठं कोडं लहान लहान करायचं, करून बघायचं, कुठे चुकलं ते शोधायचं आणि भांडणं न करता भांडायचं, एवढंच तो ओटा शिकवत होता. हर्षदाला ते मनापासून पटलं होतं.

यंदा मात्र ओट्यांमध्ये एक नवी गोष्ट आली होती. तिला सगळे ‘वजाबाकीची मोजणी’ म्हणत. कोणतं बोट कुठल्या तुकड्यापाशी थबकलं, कुठून मागे फिरलं, कुणाचं बोलणं ऐकून कुणाचा हात हलला, हे ओटा पहिल्यापासून टिपत आलाच होता. त्यावरून तो आता प्रत्येक मुलाची एक छाया तयार करी. छाया म्हणजे निव्वळ गणित. हे पोर अमुक ठिकाणी अडलं तर पुढे काय करील, याचा अंदाज बांधणारं. मग ओटा काय करी, तर त्याच छायांना घेऊन तोच तास हजारो वेळा मनातल्या मनात घेई. एकदा सगळ्यांना बसवून, आणि मग दर वेळी एकाला वगळून. आमटीला चव कशाने आली हे कळायला एकेक जिन्नस न घालता आमटी करून बघावी, तसं. समजा, वर्गातल्या कोमलला वगळल्यावर उत्तर जितकं उशिरा सापडलं, तितका त्या उत्तरात कोमलचा वाटा. साधी गोष्ट होती, आणि पोरांच्या बाबतीत ती चांगलीही होती; कारण न बोलणाऱ्या पोराचा वाटाही तीत दिसे.

फक्त एक बाब कुणाच्या ध्यानात आली नव्हती. ओट्याभोवती शिक्षकही बसतो. म्हणजे त्याचीही छाया पडते आणि वजाबाकीत तोही वजा होतो. हर्षदाला वजा केल्यावर कासारखेड्याच्या सहावीच्या पोरांना उत्तर अकरा टक्के लवकर सापडत होतं.

कागद घेऊन गवळे साहेब स्वतः आले होते. ते तालुक्याचे शिक्षण विस्तार अधिकारी. माणूस सज्जन, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. नियम त्यांनी दोनदा वाचून दाखवला. वर्षात मोजण्या दोन, एक श्रावणात आणि एक माघात. दोन्हींत शिक्षकाचा आकडा उणे आला, तर तो ओटा ‘स्वयंवर्ग’ ठरणार. म्हणजे पोरं आपली आपण शिकतील आणि शिक्षकाला तालुक्याच्या कचेरीत नोंदी तपासायला पाठवलं जाईल. नोकरीला धक्का नाही, फक्त पोरं नाहीत. पळवाटा शोधणाऱ्या गुरुजनांचा विचारही खात्याने आधीच करून ठेवला होता. मोजणीच्या तासाला शिक्षकाने ओटा सोडून जायचं नाही, पोरांना आपलं आपण सापडणारं उत्तर आधीच सांगून टाकलं तर तेही उणे, आणि कोडं सुटलंच नाही तर सगळं उणेपण शिक्षकाच्याच नावावर. कागदाला एक पुरवणी जोडलेली होती. तिच्यात लिहिलं होतं की शिक्षिकेने ‘हं?’ म्हटल्यावर मुलांनी काढून टाकलेल्या बरोबर तुकड्यांची संख्या सत्तेचाळीस.

हर्षदाला ते खरं वाटेना. गवळ्यांनी ओट्यावर त्या तासाचं चित्रण लावलं. यज्ञेश नावाच्या गोलमटोल पोराने ‘तोवर’चा तुकडा अगदी नेमक्या जागी ठेवला. हर्षदा पुढे वाकली, भुवया वर गेल्या आणि ती म्हणाली, “हं?” यज्ञेशने वर तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तुकडा मुकाट्याने उचलून घेतला.

“अहो, मी तर कौतुकाने म्हटलं होतं,” हर्षदा म्हणाली.

“पोरांना काय माहीत, मॅडम? ती पहिलीपासून शिक्षकाचं तोंड बघूनच उत्तर ओळखतात.”

हे खोटं नव्हतं. आपल्याकडच्या शाळेत पोर पाटीपेक्षा आधी बाईंचा चेहरा वाचायला शिकतं. हर्षदा स्वतः अशीच शिकली होती. तिला फार लागलं. चोरी पकडली गेली असती तर एक वेळ चाललं असतं, पण ही तर चांगुलपणाची शिक्षा होती. आणि कचेरी तिने पाहिली होती. उंच कपाटं, ट्यूबलाइट आणि कुणी कुणाशी न बोलणारी चार माणसं. तिथे आपण जगू शकणार नाही हे तिला तिथल्या तिथे कळलं.

मग तिने गप्प राहायचा सराव सुरू केला. तोंडात लवंग धरून ती ओट्यापाशी बसू लागली. पोरं तिच्या भुवया वाचू लागली. तिने भुवयांवर ताबा मिळवला, तर पोरं नाकपुड्या वाचू लागली. एक दिवस ती पाठ करून बसली, तेव्हा मागून कुजबुज ऐकू आली, “काढ तो, मॅडमची मान हलली.” घरी नवऱ्याला, किशोरला, मात्र या सरावाचा फार आनंद झाला होता. जेवताना ती तासभर बोलली नाही तेव्हा तो म्हणाला की ही मोजणी दर महिन्याला ठेवा म्हणावं. शेवटी ती व्हरांड्यात जाऊन बसू लागली. पोरं भराभर कोडी सोडवून तिला बोलवायला येत. आपण नसलो की घर जास्तच छान चालतं हे कळल्यावर बाईमाणसाला जसं होईल तसंच तिला झालं, आणि हे कुणाला सांगताही येईना.

कागद शाळेच्या फलकावर लावायचा नियम होता. सहावीची पोरं धडा सोडून बाकी सगळं मन लावून वाचतात. वर्गात पोरं पाचच होती. कोमल मालचे, जुनेद पिंजारी, यज्ञेश आणि रेवा व ऋता या सोनारांच्या जुळ्या बहिणी. पाचांनीही तो कागद वाचला, पुरवणीसकट. त्यावर ती काही बोलली नाहीत आणि हर्षदानेही विषय काढला नाही.

माघातल्या मोजणीला धान्य निवडायचं कोडं आलं. पट्ट्यावरून हरभरा, तूर आणि मूग मिसळून येतात. चाळण्या हलवणाऱ्या यंत्राला अशा आज्ञा द्या की तिन्ही वेगवेगळ्या टोपल्यांत पडतील. हर्षदा ओट्यापाशी बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ओट्यावर एक तुकडा हलला नाही. जुनेद छताकडे बघत होता. कोमल, जी घडीभर एका जागी बसत नसे, ती आपली नखं न्याहाळत होती. पोरं खरोखरच अडली आहेत असं वाटून हर्षदा हळूच म्हणाली की आधी सगळ्यात मोठा दाणा वेगळा करून बघा की. त्याबरोबर पाचांचे चेहरे उजळले, हात भराभर चालले आणि अर्धं कोडं सुटलं. पुन्हा गाडी अडली. तिने पुन्हा एक वाट दाखवली. पुन्हा हात चालले. असं चारदा झालं.

आकडा आला, अधिक एकोणीस. तालुक्यात सगळ्यात वरचा. गवळे साहेबांनी फोनवर अभिनंदन केलं. हर्षदाने दुसऱ्या दिवशी डबाभर शिरा करून नेला आणि पोरांनी तो चाटूनपुसून खाल्ला. कितीतरी महिन्यांनी तिला पोटभर झोप लागली.

तिचा स्वभाव मात्र शिक्षिकेचा. आपण नेमकं काय चांगलं केलं ते कळलं तर पुढेही तसंच करता येईल, म्हणून तिने मधल्या सुट्टीत त्या तासाचं चित्रण लावलं आणि हळू वेगाने बघू लागली. तिसऱ्या मिनिटाला कोमलचं बोट ‘जर मोठा असेल तर’ या तुकड्यावर आलं होतं. जुनेदचं बोट चाळणीच्या तुकड्यावर, यज्ञेशचं मोजणीवर, रेवा-ऋताची टोपल्यांवर. पाच बोटं, पाच तुकडे, आणि ते पाच एकमेकांना जोडले की पुरं उत्तर. बोटं तशीच क्षणभर थांबली. मग पाचही जणांनी हात उचलून मांडीवर ठेवले आणि पाचही तोंडं तिच्याकडे वळली.

हर्षदाने ते चारदा पाहिलं. मग तिने पोरांना आत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि चित्रण त्यांच्यासमोर लावलं. रेवा रडायच्या बेतात आली. हर्षदाला राग आला होता आणि राग आल्याचं तिने स्पष्ट सांगितलं. येत असताना येत नाही म्हणणं हे तिच्या मते कॉपीपेक्षा वाईट होतं.

मग कोमल बोलली. कोमलचा आजा गावचा पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा माणूस. कासारखेड्याचं पाणी फडाचं. नदीवर जुना बंधारा, त्यातून निघालेला एक पाट, आणि पाटावर शेतांचे मोठे मोठे तुकडे, ते फड. तिथे पाणी कुणा एकाच्या मालकीचं नसतं. ज्याला त्याला पाळी असते. मात्र एखाद्याचं पीक वाळायला लागलं तर बाकीचे आपापल्या पाळीतला थोडा वेळ त्याला देतात. त्याला कुणी उपकार म्हणत नाही आणि त्याची वाच्यताही करत नाही.

“तुमचं वाळत होतं, मॅडम,” कोमल खाली बघत म्हणाली. “म्हणून आम्ही आमची पाळी दिली.”

“कचेरीत पोरं नसतात,” जुनेद म्हणाला. “तुम्ही तिथं दिवसभर काय करणार?”

हर्षदाचा राग कुठल्या कुठे गेला. डोळे भरून आले ते तिने लपवलेही नाहीत. बावीस वर्षं शिकवून तिला कुणी इतकं मोठं काही दिलं नव्हतं, आणि ते घेता येणार नव्हतं हेही तिला त्याच घटकेला कळलं. कारण चित्रण बंद करताना तिची नजर काचेवर उमटलेल्या पोरांच्या छायांच्या तपशिलावर गेली होती. ओटा आपल्या बुद्धीप्रमाणे शिकला होता. या पाच मुलांना साधं निवडणंही सांगितल्याशिवाय जमत नाही, अशी नोंद त्याने करून ठेवली होती आणि पुढच्या वर्षासाठी त्यांना तिसरीची कोडी काढून ठेवली होती.

तिने गवळे साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं. त्यांनी समजावलं की मोजणी झाली, आकडा वर गेला, आता हात दाखवून अवलक्षण कशाला.

“मॅडम, स्वतःच्या पायावर कशाला धोंडा पाडून घेताय?”

“साहेब, माझ्या एकोणिसापायी माझी पाचही पोरं मठ्ठ ठरली आहेत. ते मला चालणार नाही. मोजणी रद्द करा.”

मोजणी रद्द झाली, आणि तिच्याबरोबर पोरांच्या नावावरची ती नोंदही. आठ दिवसांनी नवी मोजणी ठरली आणि ती घ्यायला गवळे साहेब स्वतः येणार होते. हर्षदाने पोरांना एवढंच सांगितलं की या वेळी पाळी कुणी कुणाला द्यायची नाही. यज्ञेशने विचारलं की उणे आलं तर. ती म्हणाली की उणे आलं तर मी जाईन, पण जे येतं ते येत नाही असं तुम्ही कधीच म्हणायचं नाही, माझ्यासाठी नाही आणि कुणासाठीच नाही. पोरांनी माना डोलावल्या. त्या मानांवर कितपत विश्वास ठेवावा हे तिला कळेना.

नव्या मोजणीचं कोडं वरून आलं होतं. ते कुणी आधी पाहिलेलं नव्हतं. काचेखाली एक लांब पाट उमटला, त्याच्या कडेने एकामागून एक पाच शेतं आणि पाटाच्या तोंडाशी एक दार. पाणी दिवसाला दहा तास. एका वेळी एकाच शेताला सोडायचं. दाराला अशा आज्ञा द्या की पाचही शेतांना सारखं पाणी मिळेल. मुदत चाळीस मिनिटं.

पोरं आनंदाने तुटून पडली. दहाला पाचाने भागलं, दोन तास आले. ‘दार उघड, दोन तास मोज, दार बंद कर, पुढच्या शेताकडे वळ.’ दहाव्या मिनिटाला साखळी तयार होती. त्यांनी ती चालवून बघितली. निळी रेघ पाटातून धावली, पहिलं शेत गच्च हिरवं झालं, दुसरं हिरवं, तिसरं फिकट, चौथं त्याहून फिकट, आणि शेवटचं शेत तपकिरीच राहिलं. पोरांनी शेवटच्याला अर्धा तास वाढवून दिला, तर चौथं वाळलं. चौथ्याला वाढवलं तर तिसरं. त्यांनी शेतांचा क्रम उलटा केला, तरी पाटाच्या टोकाचं तपकिरीच. एकीकडून ओढलं की दुसरीकडे उघडं पडत होतं.

हर्षदाला उत्तर माहीत होतं. तिच्या नोकरीत पहिल्यांदाच ओट्यावरच्या कोड्याचं उत्तर तिला पोरांच्या आधी आलं होतं, कारण तिच्या सासरचं शेत पाटाच्या शेपटाला होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती जेवणाच्या पानावर हेच ऐकत आली होती. दार उघडलं म्हणजे पाणी मिळालं असं नसतं. कोरडा पाट आधी स्वतः पितो, आणि पाणी शेपटाला पोचेतो तासभर जातो. म्हणून गावात पाळी मोजायची ती पाणी बांधाला लागल्यापासून. घड्याळ दारापाशी नाही, शेतापाशी सुरू करायचं. एवढंच. पोरांनी जन्मापासून पाहिलेली ही गोष्ट, पण काचेवर आल्यावर त्यांना ओळखू येत नव्हती.

पंचविसावं मिनिट लागलं. गवळे साहेब कोपऱ्यात हात मागे बांधून उभे होते. पोरांचा उत्साह मावळला होता. हर्षदाच्या मनात आकडेमोड सुरू झाली. पोरांना हे सापडणारच नसेल आणि आपण सांगितलं, तर आकडा अधिक येईल आणि आपण राहू. त्यांना सापडणार असेल आणि आपण आधीच सांगितलं, तर उणे. आपण गप्प बसलो आणि कोडं सुटलंच नाही, तर सगळंच उणे. सगळं एकाच प्रश्नावर येऊन ठेपलं होतं, पोरांना हे सापडेल की नाही. आणि ते तिच्याखेरीज कुणाला सांगता येणार होतं?

पोरं वर बघू लागली. आधी रेवा, मग यज्ञेश, मग सगळीच. जुनी सवय ती, इतक्या लवकर कुठली जाते. पाच तोंडं तिच्या तोंडाकडे लागली.

हर्षदाने तोंड फिरवलं नाही. तिला त्या पाच बोटांची आठवण झाली. पुरं उत्तर बोटाखाली आलेलं असताना ही पोरं माझ्यासाठी हात मांडीवर घेऊन बसली, तिला वाटलं. कोमलसारख्या पोरीला ते किती जड गेलं असेल. मग मला त्यांच्यासाठी बसता येऊ नये? तिने हात मांडीवर ठेवले आणि ती पोरांकडे बघत राहिली. भुवया आवरायच्या, नाकपुड्या आवरायच्या, असलं काही तिच्या मनात आलं नाही. पोरांना सापडणार आहे, असं तिला एकाएकी अगदी सरळ वाटलं.

“मॅडमच्या तोंडावर काहीच नाही,” जुनेद म्हणाला. “इकडंच बघा रे.”

पाचही डोकी पुन्हा काचेवर वाकली. अठ्ठावीस. एकोणतीस. यज्ञेश म्हणाला की शेवटच्या शेताची जमीनच खराब असेल. ऋताने त्याला वेड्यात काढलं. तिसाव्या मिनिटाला कोमलने साखळी पुन्हा चालवली, पण या वेळी तिने आपलं बोट निळ्या रेघेच्या टोकावर ठेवलं आणि पाण्याबरोबर ते पाटातून हळूहळू पुढे नेऊ लागली. तिचा आजा पाटाच्या कडेने असाच चालत जातो. बोट दुसऱ्या शेतापर्यंत आलं, तिसऱ्या शेतापर्यंत आलं आणि तिथे ते थांबलं.

“थांबा,” ती म्हणाली. “पाणी अजून वाटेतच आहे, आणि घड्याळ कधीचं चालू झालं.”

मग सगळेच एकदम बोलू लागले. यज्ञेशने मोजणीचा तुकडा दारापाशी होता तो उचलला. रेवा म्हणाली की मग आधी ‘पाणी पोचेतो थांब’ हवं, आणि तो तुकडा ऋताच्या पुढ्यात होता. जुनेदने ओरडून सांगितलं की दोन-दोन तास देता येणार नाहीत, वाटेत गेलेला वेळ वजा करून उरलेल्याचे पाच वाटे करा. एकाचा हात दुसऱ्याच्या हाताखालून जात होता. छत्तिसाव्या मिनिटाला त्यांनी साखळी चालवली, आणि पाचही शेतं एकसारखी हिरवी झाली. पहिलं शेत आधीपेक्षा थोडं फिकं होतं, पण शेवटच्यासारखंच.

तिने भिंतीला पाठ टेकली.

ओट्याला वजाबाकी करायला पाव तास लागला. गवळे साहेबांनी आकडा वाचला, चष्मा कपाळावर नेला, खाली आणला आणि पुन्हा वाचला. तालुक्यात एकशे चाळीस ओटे, पण असा आकडा त्यांनी कुठे पाहिला नव्हता.

“शून्य,” ते म्हणाले. “तुम्ही होतात काय आणि नव्हतात काय, पोरांना उत्तर त्याच मिनिटाला सापडलं असतं.”

तिने विचारलं की पंचविसाव्या मिनिटाला मी सांगितलं असतं तर. गवळ्यांनी ओट्याला विचारलं आणि तिला उत्तर दाखवलं. उणे सात. मग त्यांनी खिशातून नियमाचा कागद काढून उभ्या उभ्याच वाचला, कारण वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. नियमात उणे लिहिलेलं होतं. शून्याबद्दल नियमात काही नव्हतं आणि शून्य उणे नसतं, हे ते दुसरीतच शिकले होते. त्यांनी कागदाची घडी घातली आणि चहाला थांबत नाही असं सांगून चहाला थांबले.

पोरांचे चेहरे मात्र उतरले होते. इतकी वर्षं पाटीवरचं शून्य त्यांनी एकाच अर्थाने पाहिलं होतं.

“मॅडम, शून्य म्हणजे तुम्ही नापास?” कोमलने विचारलं.

“नाही गं. शून्य म्हणजे तुम्हाला आता माझ्यावाचून येतं.”

“मग तुम्ही जाणार?”

“कशाला जाऊ? इतके दिवस मी शिकवायच्या घाईत तुमचं काही बघितलंच नव्हतं. आता बघायला बसणार आहे.”

हर्षदाला बारावीच्या निकालाला झाला नव्हता इतका आनंद या शून्याचा झाला होता, आणि तो तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. पोरांनी तो वाचला. यज्ञेशने काचेवरची शेतं पुसून दुसरं कोडं लावलं. कोमल जुनेदकडे सरकली, मधे एक चटईभर जागा झाली आणि हर्षदा तिथे मांडी घालून बसली.